पाण्याखालच्या घराचा पाया

ती फिर्याद मी आजही विसरलेलो नाही. नोकरीत चोऱ्या पुष्कळ पाहिल्या. भांड्यांच्या, बैलांच्या, एकदा देवाच्या मुखवट्याचीही. पण घराचा पाया चोरीला गेल्याची फिर्याद तेवढी एकच.

मी तेव्हा संस्थानच्या पोलिसात, भोर ठाण्यावर फौजदार होतो. वैशाखातली सकाळ होती, हजेरी नुकतीच आटोपली होती. भाटघरहून चालत आलेली एक म्हातारी पायरीवर टेकली आणि म्हणाली, "सायेब, माजं घर चोरीला गेलं."

हवालदाराने विचारलं, "कुठं हाय घर?"

"धरणात."

"मंग माशांनी नेलं आसंल, आजी."

सगळे हसले. म्हातारी हसली नाही. "मासं दगुड उचलत न्हाईत, बाबा. तू लिवून घे."

हकीकत अशी होती. धरण झालं तेव्हा तिचं गाव पाण्याखाली गेलं. लोक लाकूड आणि कौलं काढून घेऊन पांगले. पाये तेवढे राहिले, कारण पाया कोणी उपटत नाही. तिच्या मुलाने कापूरहोळजवळच्या माळावर घर बांधलं. ती मात्र तिकडे गेली नाही. पाणी नजरेसमोर राहावं म्हणून भाटघरला लेकीकडे राहिली. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाळ तुडवत जुन्या उंबऱ्याशी जायची आणि हळदकुंकू वाहायची. यंदा गेली, तर घराच्या तीन बाजूंचे दगड कोणी खणून नेलेले.

मी पंच घेऊन जागेवर गेलो. गाळ उन्हाने तडकला होता, त्यात बैलगाडीच्या चाकोऱ्या स्पष्ट दिसत होत्या. मी चरांची लांबी, रुंदी, खोली मोजून पंचनाम्यात घातली. उंबऱ्याची बाजू मात्र शाबूत होती. वर ताजं कुंकू होतं.

"येडा चोर दिसतोय," हवालदार म्हणाला. "म्होरलं घडीव दगुड सोडलं आन् मागचं वबडधोबड नेलं."

मला तो वेडा वाटला नाही. घडीव दगडाला गिऱ्हाईक लगेच मिळतं. ते सोडून जो उंबऱ्याला हात लावत नाही, तो परका नसतो. पण हे म्हातारीजवळ बोललो नाही.

पुढची खबर कापूरहोळच्या नाक्यावरून आली. तिथे गाड्या दुरुस्त करणारा एक लोहार होता. तो हळूच म्हणाला, "दगडाच्या वझ्यानं एका गाडीचा आख मोडला व्हता. त्या म्हातारीचाच ल्योक, सायेब. माजं नाव नगा घिऊ."

मुलाच्या घरी पोचलो तेव्हा मागच्या भिंतीखाली खोदकाम चाललं होतं. कोपरा खचलेला, आणि भिंतीच्या तड्यात माझी छडी सहज जाईल एवढी फट. वेल्ह्याकडचा एक गवंडी खाली उतरून दगड बसवत होता.

"दगड कुठले?" मी मुलाला विचारलं.

"इकत घेतलं."

"कोणाकडून?"

त्याने गवंड्याकडे पाहिलं. मी बाहेरचा ढीग मोजला, खाली बसवलेले दगड मोजले, आणि पंचनाम्यातलं माप त्याच्यापुढे मांडलं. फरक अगदी थोडा होता.

आतून त्याची बायको कडाडली, "सांगा की! आत्याबायच्या भ्यानं सायबाशी खोटं बोलताय व्हय?"

मग त्याने सगळं सांगितलं. घर भरावावर बांधलं गेलं होतं. कोपरा खचला तेव्हा एका ठेकेदाराने तडे सिमेंटने बुजवून वर गिलावा केला. दिवाळीला भिंत झकास दिसली. पुढच्या पावसात तडे पुन्हा उघडले. दुसऱ्याने बाहेरून टेकू द्यायला सांगितलं. गवंड्याने आधी भिंतीशेजारी खड्डा घेतला. कमरेएवढ्या भरावाखाली मुरूम लागला. त्याचं म्हणणं, भिंतीखालची जागा एक भाग सोडून एक उघडायची, मुरमापर्यंत जायचं, आणि भिंतीच्या रुंदीचे लांब दगड चुन्यात बसवत वर यायचं. असे दगड खाणीतून आणायची मुलाची ऐपत नव्हती.

"आयला इचारलं आसतं तर नगं म्हणाली आसती," तो म्हणाला. "पाया उपटला की घर मेलं, आसं म्हणती ती."

कबुली झाली होती. नियमाने मी त्याला ठाण्यावर न्यायला हवं होतं. गवंडी खालूनच म्हणाला, "सायेब, काम आसंच उघडं ऱ्हायलं तर भित मिरगात बसंल." भिंतीच्या आत मुलाची बायकापोरं निजत होती.

मी शिपाई तिथे ठेवला आणि फिर्यादी बाईला आणायला गाडी पाठवली. मुद्देमाल फिर्यादीने ओळखावा लागतो. तो नियम त्या दिवशी कामी आला.

म्हातारी त्या घरी पहिल्यांदाच आली. लेकाकडे पाहिलंसुद्धा नाही. ढिगाभोवती फिरली आणि एका दगडाशी बसली. त्याची कड घासून खोलगट झाली होती.

"ह्यो मागल्या दाराचा. ह्याच्यावर तुजा बाप इळा घासायचा." तिने खळगीतून बोट फिरवलं. मग लेकाला विचारलं, "उंबरा का रं ठिवलास?"

"तू कुकू कुठं वाहिलं आसतंस?"

तिने पदराने खळगीतली माती पुसली. मग ती उठली. "आता त्यो पाण्यात कशापायी ठिवायचा? गाडी जुप." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सायेब, फिर्याद खोडा. घर चोरीला न्हाई ग्येलं. हितं आलंय."

फिर्याद खोडता येत नसते. मी तिचा पुरवणी जबाब घेतला. धरणाच्या कचेरीला विचारलं, त्यांना त्या दगडांशी कर्तव्य नव्हतं. गैरसमजाने दिलेली फिर्याद म्हणून प्रकरण निकालात निघालं.

चोराने काय नेलं याइतकंच काय सोडलं हेही पाहावं, हे मी त्या तपासात शिकलो. पुढे माझ्या स्वतःच्या घराला तडा गेला, तेव्हा गिलाव्याचा भाव विचारण्याआधी मी खड्डा खणून घेतला. खर्च वाढला, पण भिंत पुन्हा हलली नाही.

पावसाळ्यानंतर त्या वाटेने जात होतो. गवंड्याने जुन्या तड्यावर चुन्याचा एक लपका आडवा मारून ठेवला होता. भिंत हलली तर तो तुटतो. तो अखंड होता. आमचे साक्षीदार उलटतात, हा उलटला नव्हता.

म्हातारी दारात तांदूळ निवडत होती. मी आत पाऊल टाकणार, तोच ओरडली, "उंबऱ्यावर पाय नगं, सायेब! वलांडून या."