रबरी चप्पल आणि डोक्यातला करंट

"माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. म्हणजे आठवण ढिली झालीय, पण माणूस आपलं आपण अजून बघतोय. पुढं काय, विचारलं. "काहींचं इथंच थांबतं, काहींचं वाढत जातं." मी हसलो.

शहागडात मला लोक शेतीपेक्षा गप्पांसाठी ओळखतात. एकदा हॉटेलात बसून, सासऱ्यांनी दिलेल्या बैलाची गोष्ट सांगत होतो आणि शेवटच सापडेना. 'बाकीचं उद्या' म्हणून उठलो, तो घराची वाट सोडून हायवेनं चालत सुटलो. बायकोनं, कमलनं, गाठून माघारी आणलं. तिथून ही दवाखान्याची वारी.

इलाज निघाला ट्रान्सक्रॅनियल डायरेक्ट करंट स्टिम्युलेशन. कवटी न उघडता, ओल्या स्पंजच्या पट्ट्यांतून मेंदूला अगदी हलकी वीज द्यायची. गुण येईलच असं नाही, हेही बाईंनी साफ सांगितलं. मी ऐकलं फक्त 'वीज'.

नदीकाठच्या पाण्याच्या मोटारीला ओल्या पायांनी हात लावून शॉकनं गेलेला माणूस मी पाहिलाय. रबरी चप्पल घातल्याबिगर आम्ही स्टार्टरला शिवत नाही. तीच चिखलाची चप्पल घालून नवीन जालन्यातल्या दवाखान्यात गेलो. वर कमलनं, मेंदूला ताकद म्हणून, डोक्यावर बदामतेल थापलेलं.

पट्ट्या बांधल्या. मशीन नुसतंच टीं टीं करू लागलं, करंट जाईना. "जाणार कसा? पायात रबर हाये," मी छाती फुगवून म्हणालो.

"काका, चप्पल राहू द्या," बाई म्हणाल्या. "करंट तेलानं अडलाय. ते काढून या."

डोकं धुऊन आलो. या खेपेला मशीन गप्प होतं. टाळूला मुंग्या चावू लागल्या आणि माझी बोबडी वळली. उरलंसुरलंही पुसलं गेलं तर? डोळे मिटून बैलाची गोष्ट मनात सुरू केली. शेवटापाशी पुन्हा अंधार.

असे बरेच दिवस गेलो. नावं आता जरा लवकर सापडतात. ते विजेनं की भीती ओसरल्यानं, बाईही सांगू शकत नाहीत. तुमच्यावर ही वेळ आली तर तेल लावू नका, आणि भ्या वाटलं तर तोंडानं सांगा. मी चप्पल घातली, बोललो नाही.

परवा पाहुण्यांपुढं बैल पुन्हा त्याच जागी अडला. जन्मभर 'किती बार तेच' म्हणणारी कमल चुलीपासून बोलली, "बैल सुटून सासुरवाडीला वापस गेला, अन् हे जू खांद्यावर घेऊन पायी आले."

पाहुणे हसले. मीही हसलो, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा.

आता रोज जेवताना तिला एक गोष्ट सांगून ठेवतो. ती म्हणते, ऐकलीय. तेवढं ऐकलं की घास उतरतो.