ओठ न हलवता

तुम्ही हल्लीची मुलं तिकडे अभ्यासिकेत तासन्‌तास गप्प बसून वाचता आणि कुणी तुम्हाला हात लावत नाही, म्हणून हे सांगते.

ऐंशीच्या दशकात आम्ही मुलुंडला राहत होतो. शेजारच्या चाळीतली एक मुलगी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी माझ्याकडे इंग्रजी शिकायला येई. परीक्षेत उतारा वाचून प्रश्नांची उत्तरं द्यायची असत. ही मात्र सगळा उतारा मोठ्याने घोकून पाठ करी. जखम कशी धुवावी, हे तिने धडाधड म्हणून दाखवलं; पाणी उकळून का घ्यायचं विचारलं, तर पुन्हा पहिल्यापासून म्हणू लागली. मी शिस्त लावली. आधी प्रश्न वाचायचे, मग उतारा, तोही मनात, ओठ न हलवता.

तिने नर्स व्हावं ही इच्छा वडिलांचीच. गिरणी बंद पडल्यापासून ते गॅलरीत बसून असत. अभ्यास म्हणजे आवाज, एवढंच त्यांना माहीत. आणि आता आवाज येईना.

परीक्षेच्या आठवड्यात मी नवा उतारा द्यायला तिच्या घरी गेले, तर दारातच पट्ट्याचे फटके ऐकू आले.

"तोंडाक कुलूप लावलंस काय गो? पुस्तक उघडून कोणाची सपना बघतंस?"

पट्टा पाठीवर, मग कानावर. बक्कल लागून कानाची पाळी फाटली. आई तोंडात पदर कोंबून स्टोव्हपाशी उभी. मी मध्ये गेले, तर एक फटका माझ्या मनगटावर बसला.

"बाई, बाजूला व्हा. वाचत नाय ती."

"वाचतेय. मीच सांगितलंय मनात वाचायला."

"मनात? मग मला कसं कळणार?"

ते खरोखरच विचारत होते. विचारता विचारताच त्यांनी तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. "वाच! मोठ्यानं!"

मोठ्याने वाचलं असतं तर मार थांबला असता. माझ्या हातून पडलेला उतारा तिने उचलला आणि ओठ घट्ट मिटले. तिचे डोळे ओळीवरून सरकताना मला दिसत होते. पुन्हा पट्टा. पुन्हा पुढची ओळ. कागदावर रक्त ठिबकलं, ते तिने बोटाने पुसलं.

"बाई, विचारा."

मी विचारलं. तिने सगळी उत्तरं बरोबर दिली. वडिलांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी तिची पुस्तकं फाडून गॅलरीतून खाली भिरकावली.

मी तिला तशीच घेऊन निघाले. कानाला टाके पडले. परीक्षा होऊन निकाल लागेपर्यंत ती आमच्याकडे राहिली. वडील खालून शिव्या देत. एकदा दगडाने आमची काच फोडली. काचा झटकून ती वाचत राहिली.

प्रवेश मिळाला. आईने तिची ट्रंक वडिलांच्या नकळत आमच्या जिन्यात आणून ठेवली आणि मुलगी घरी न जाता थेट हॉस्टेलवर गेली.