दोन जागांचं कयाक

कडूबा काका म्हणाले, मोबाइलवर होड्या दाखव. मी एम.ए. होऊन घरी बसलेलो. गावातली अशी कामं माझ्याकडेच येतात. कुणाचा पीकविमा, कुणाचं आधार कार्ड. होडी पहिल्यांदाच आली.

काका मोताळ्याजवळच्या नळगंगा धरणात मासे धरतात. वय साठीच्या आसपास. बायको फार पूर्वी गेली, मूलबाळ नाही. थर्माकोलच्या लाद्या गोणपाटात शिवून केलेला तराफा, त्यावर ते आणि उकंडराव. एकानं वल्हवायचं, दुसऱ्यानं जाळं सोडायचं. तराफे बदलत गेले, जोडी तीच राहिली. गेल्या वर्षी उकंडराव काविळीनं गेले. तेव्हापासून काका एकटे जातात. या उन्हाळ्यात उंदरांनी तराफ्याचा थर्माकोल पोखरला. पावसाळ्याआधी काहीतरी घेणं भाग होतं.

या काठावर मासे वाट्यानं वाटतात. जितक्या जागा तितके वाटे, आणि एक होडीचा. जागा ज्याची, वाटा त्याचा. मग तो तापानं पडलेला असो की सोयऱ्याच्या लग्नाला गेलेला असो. उकंडराव गेले तरी तराफ्यावर त्यांची जागा होती, म्हणून वाटाही होता. तो काका रोज त्यांच्या बायकोला, सत्यभामाबाईंना नेऊन देत. होडीचा वाटा विकून जे साठलं होतं, तेवढ्यातच नवी होडी बसवायची होती.

आम्ही ओट्यावर बसून मोबाइल बघायचो. हवा भरायची रबरी होडी सगळ्यात स्वस्त होती. काकांनी ती लगेच नाकारली. धरणाच्या पोटात जुन्या बाभळी बुडालेल्या आहेत, एका काट्याचं काम. एका कयाकमध्ये, म्हणजे लांबट निमुळत्या होडीत, पाय आत घालून बसायचं होतं. उलटलं तर पाय काढायचे कधी, असं त्यांनी विचारलं. तिसऱ्याच्या वरच बसायचं होतं आणि त्याला आरपार भोकं होती.

"होडीले भोकं? अन् वरून पैसे घेतात?"

वर साचलेलं पाणी त्यातून खाली जातं, खालचं वर येत नाही, असं मी वाचून दाखवलं. काका बराच वेळ ते चित्र बघत राहिले. मग म्हणाले, हे बरं आहे. पण नव्याची किंमत त्यांच्या पैशांच्या दुप्पट होती.

शेवटी लोणारच्या रस्त्यावर एक बंद पडलेलं रिसॉर्ट सापडलं. ते आपली तसलीच जुनी कयाकं विकत होते. फोनवर कळलं की दोन उरली आहेत. एक एका जागेचं, एक दोन जागांचं.

त्या संध्याकाळी काकांबरोबर मी सत्यभामाबाईंकडे गेलो. काका आत जात नाहीत. त्यांनी दारातच मासे दिले आणि उंबऱ्याजवळच्या दगडावर बसले. बाईंनी चहा आणला. वारा कुठून होता, रोहू मिळाली का, पाणी किती उतरलं, एवढंच बोलणं झालं. दिवसभरात काका तेवढंच बोलत असावेत. मी होडीचं सांगितलं. बाईंनी कपबशी उचलली.

"कडूबाभाऊ, एकट्याचीच घ्या आता. मी चालली लेकीकडे, डिंपलकडे, अकोल्याले. वाट्याचं नका पाहू."

काका म्हणाले, बरं. मला वाटलं, वाट्यातून मोकळे झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं गेलो. रिसॉर्टच्या भटारखान्यामागे दोन्ही कयाकं पालथी पडली होती. एका जागेचं लाल, अगदी धड. दोन जागांचं पिवळं, बुडाशी वीतभर तडा गेलेलं. तड्यामुळे दोन्हींची किंमत एकच होती. काकांकडे तेवढेच पैसे होते. त्यांनी बोटांनी ठोकून आवाज ऐकला. लाल कयाक सरळ करून त्यात बसले आणि दोन्ही बाजूंना हात मारून बघितले. राखणदार हसला.

"काका, कोरड्यात वल्हवून राह्यले?"

"पाण्यात तं सगळेच वल्हवतात."

काका उठले. चांगली आहे म्हणाले. मी गाडीवाल्याला फोन लावायला लागलो. तेव्हा ते म्हणाले, पिवळी घेऊ.

मला वाटलं ते विसरले. मी तडा दाखवला. वजन सांगितलं. एवढी लांब होडी एकट्याला वळवता येणार नाही, हेही सांगितलं.

"आणि काकूच म्हणाल्या नं, वाटा नको म्हणून."

"तिले नको."

"मंग काऊन?"

"मले द्याचा हाय."

राखणदार पैसे मोजत होता. भाजीचे रिकामे क्रेट घेऊन परतणारा छोटा हत्ती टेम्पो मिळाला, त्यात आम्ही कयाक टाकलं. घाट उतरेपर्यंत काकांनी त्याच्या कडेवरचा हात काढला नाही.

बाजाराच्या दिवशी मोताळ्यात पाण्याच्या टाक्या सांधणारा बसतो. त्यानं तापल्या सळईनं प्लास्टिक वितळवून तडा बुजवला.

पहिल्या दिवशी मी काठावर होतो. काका मागच्या जागेवर बसले. पुढे वजन नव्हतं, म्हणून होडीचं तोंड वर उचललं गेलं आणि वाऱ्यानं ती गोल फिरवली. काठावरचे हसले. कडूबा, पुढची सवारी उतरली का, असं कुणीतरी ओरडलं. काका परत आले. एक मोठा दगड त्यांनी पुढच्या जागेवर ठेवला आणि पुन्हा गेले. या वेळी होडी सरळ गेली. बुडलेल्या बाभळींपलीकडे ती पिवळी रेघ होऊन थांबली. दगड माणसासारखा दिसत होता.

उन्हं चढल्यावर ते आले. ओल्या गोणपाटावर त्यांनी मासे ओतले आणि वाटे केले. एक होडीचा. एक त्यांचा. तिसरा पिशवीत भरला. सत्यभामाबाईंच्या दाराला रविवारपासून कुलूप होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. पिशवी हातात धरून ते गावाकडे बघत राहिले. मग त्यांनी ती माझ्यापुढे केली.

"मी कुठं बसलो होतो, काका?"

"मंग उद्या बस."

"मले पवता येत नाही."

"उकंडरावलेही येत नव्हतं," काका म्हणाले. "जन्मभर बसला."

त्यांनी जाळं झटकायला घेतलं. मी पिशवी घेतली. येतो म्हणालो नाही.