आबांचा परदेशी उमेदवार

कमांडर आबा केळीच्या बागेत निघाले की "बागेत जातो" असं कधीच म्हणत नाहीत. "फ्रंटवर चाललो," म्हणतात. अंगात सैनिकी छापाचं जॅकेट, तेही यावलच्या मे महिन्यात, डोळ्यांवर काळा चष्मा आणि मोपेडला अडकवलेला जेवणाचा डबा. त्या डब्याचं नाव रसद. त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, मला एकदा म्हणाल्या, "रसद उशिरा गेली ना, की फ्रंटवरून फोन येतो. भाजी कोनती हाये, इचारतात."

तुम्हाला वाटेल रिटायर्ड फौजी असतील. अजिबात नाही. तरुणपणी एकदाच धुळ्याला भरतीला गेले होते, छाती कमी भरली, संध्याकाळच्या एसटीनं घरी आले. तेव्हापासून जे छाती फुगवून चालताहेत ते आजपर्यंत. श्वास कधी सोडतात कोणास ठाऊक.

माझं बसस्टँडजवळ फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, दहावीचे निकाल, श्रद्धांजली, सगळं मीच डिझाइन करते. शेजारी चहाचं हॉटेल आणि तिथं आबांची रोजची बैठक, त्यामुळे जगात कुठे हल्ला करायचा हे मला सरकारच्या आधी कळतं. आबांचं म्हणणं एकदम सोपं. "जगाले दोनच गोष्टी समजतात. एक रणगाडा, अन् दुसरा मोठा रणगाडा." आणि जिथं रणगाडा नेता येत नाही तिथं काय करायचं, तर निवडणूक. "आपल्या सरकारनं प्रत्येक देशात आपला मानूस बसवला पाह्यजे. गुपचूप."

एकदा वसंतभाऊंनी विचारलं, की उद्या दुसऱ्या कोणी आपल्याकडे त्यांचा माणूस बसवला तर? वसंतभाऊ म्हणजे आबांच्या बागेला लागून ज्यांची बाग आहे ते. कमी बोलणारा, बांधावरसुद्धा हळू चालणारा माणूस. आबा चहाचा कप ठेवून म्हणाले, "त्यायनं केलं तर तो कट. आपन केलं तर धोरण. इतकं समजत नाही का भो तुले?" मग कोणीतरी म्हणालं की सरकारनं तर टीव्हीवर सांगितलं, आम्ही कुणाच्या निवडणुकीत पडत नाही. आबा हसले. ते हसणं मी कधी विसरणार नाही, गुप्तचर खात्याचा प्रमुख भाचीच्या लग्नात हसेल तसं. "नाही म्हनतात ना? म्हंजे हाये."

तर झालं काय, समुद्रापलीकडच्या एका देशात निवडणूक लागली. देशाचं नाव लिहीत नाही, मागे एकदा छापलं होतं आणि त्याचं काय झालं तेच सांगते आहे. तिथला एक उमेदवार रणगाड्यावर उभा राहून भाषण करायचा. आबांनी त्याचा व्हिडिओ पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दुकानात हजर. म्हणाले, पोरी, दहा बाय वीस.

मी आजवर बरेच फ्लेक्स केले, पण हा वेगळाच होता. मध्ये तो परदेशी उमेदवार, मागे विमानं, खाली रणगाडे, दोन्ही बाजूंना सिंह. एका कोपऱ्यात शुभेच्छुक म्हणून आबा, काळ्या चष्म्यात, उमेदवारापेक्षा थोडे मोठेच. मजकूर असा, "खंबीर नेतृत्व, भावी राष्ट्राध्यक्ष यांना यावल तालुक्याचा जाहीर पाठिंबा." इथवर ठीक होतं. मग आबा म्हणाले, खाली टाक, भारत सरकारच्या वतीने. मी म्हटलं, आबा, तसं कसं टाकता येईल? ते म्हणाले, "सरकारच्या मनात हेच हाये. मी फक्त छापून ऱ्हायलो."

मी फारच नको म्हटल्यावर त्यांनी तह केला. "भारत सरकारच्या" हे मोठ्या अक्षरात आणि "मनातले" हे खाली बारीक. फ्लेक्स बसस्टँडसमोर लागला. यावलमध्ये कुणी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. आमच्याकडे फ्लेक्सवरचा माणूस ओळखीचा असायलाच हवा असं काही नाही.

पण कुणीतरी फोटो काढला. तो कुठून कुठे फिरला देव जाणे, थेट त्या देशाच्या टीव्हीवर गेला. तिथल्या विरोधी उमेदवारानं तो सभेत दाखवला. बघा, परकं सरकार आपली निवडणूक चालवतंय. आबांच्या चष्म्याभोवती लाल गोल, बाण आणि खाली त्यांच्या भाषेत काहीतरी. मी फोनवर भाषांतर करून पाहिलं तर, मुख्य हस्तक. "मनातले" हा शब्द अर्थातच फोटोत दिसत नव्हता.

आबा त्या दिवशी तरंगत होते. हॉटेलात सगळ्यांना चहा. आणि तेवढ्यात वसंतभाऊंचा फोन वाजला.

वसंतभाऊंची केळी पहिल्यांदाच परदेशी चालली होती, आणि नेमकी त्याच देशात. वर्षभर त्यांनी घडाघडाला पिशव्या घातल्या होत्या, डाग पडू नये म्हणून पानंसुद्धा बाजूला बांधली होती. माल पेटीत भरला होता, कंटेनर दारात उभा, नारळ फुटला होता, मुलगी सासरहून फक्त तो जाताना बघायला आली होती. फोन माल नेणाऱ्या कंपनीचा होता. तिकडे बंदरात लोक चिडलेत, भारतातलं फळ उतरू देत नाहीत, बागेतला माल काढू नका. वसंतभाऊ एवढंच म्हणाले की, काढलाय.

त्यात आबांचं एकही केळं नव्हतं. त्यांनी आपला माल आधीच इथल्या व्यापाऱ्याला दिला होता. तर आबा वसंतभाऊंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वसंता, लढाईत थोडं नुकसान होतंच."

अक्का तिथं रसदेचा रिकामा डबा भरायला न्यायला आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "लढाई तुमची अन् नुकसान त्यायचं. बरी हाये ही फौज." आणि डबा न घेताच गेल्या. फ्रंटवर त्या दिवशी उपास पडला. वसंतभाऊंची केळी शेवटी वेफरवाल्यानं नेली. परदेशी जायची केळी यावलमध्येच तळली गेली.

दोन दिवसांनी पोलीस आला. साधा हवालदार, रोज याच हॉटेलात चहा पिणारा. त्यानं विचारलं, आबा, तुम्हाला हे कोणी करायला सांगितलं? जन्मभर ज्या प्रश्नाची वाट बघितली तो प्रश्न आला होता. आबांनी चष्मा नीट केला आणि म्हणाले, ते मी सांगू शकत नाही. मग त्यांना ठाण्यात नेलं. तिथं चष्मा काढायला सांगितला तसा आबांचा श्वास सुटला, बहुतेक धुळ्यानंतर पहिल्यांदाच. साहेब, मी एकटाच हो, सरकारमध्ये मी कोणाला ओळखत नाही, असं शंभरदा सांगितलं. हवालदार म्हणाला, "नाही म्हनता ना आबा? म्हंजे हाये. तुम्हीच सांगता ना रोज." संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. अक्कांनी डबा पाठवला तेव्हा सोडलं. फ्लेक्स आता त्यांच्या गोठ्यावर आहे, उलटा. पावसात म्हैस कोरडी राहते आणि मान वर केली की तिला भावी राष्ट्राध्यक्ष दिसतात.

मला वाटलं आता आबा बदलतील. यंदा वसंतभाऊंचा माल पुन्हा तयार झाला, पुन्हा परदेशी, पण दुसऱ्या देशात. आणि त्या दुसऱ्या देशातही निवडणूक. एका सकाळी आबा जॅकेट घालून दुकानात आले, फोनमध्ये तिथल्या एका उमेदवाराचा फोटो. याच्या हातात तर बंदूकच होती. म्हणाले, पोरी, दहा बाय वीस.

मी मशीन चालू केलंच नाही. विचारलं, "आबा, या वेळी केळी कोणाची?"

आबांनी चष्मा काढला. समोरून वसंतभाऊ रिकाम्या पेट्यांची गाडी घेऊन चालले होते, त्यांनी आबांना हात केला. आबांनीही केला. मग फोन खिशात टाकला आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "मंग लहान कर."

मी पासपोर्ट साइजचा काढून दिला. त्यांनी तो पाकिटात घातला आणि कुणाला दाखवला नाही, हे मात्र खरं. वसंतभाऊंचा कंटेनर गेला, पोचला, मुलीनं त्याचा व्हिडिओ सगळ्या गावाला पाठवला. पुढच्या आठवड्यात त्या देशाचा निकाल लागला आणि बंदूकवाला पडला.

आबा दुकानाच्या पायरीपर्यंत आले, आत नाही आले. तिथूनच म्हणाले, "पाह्यलं? लहान छापला तू."