ज्याले सुजलं त्याले सुई नाही

आमच्या कामात किस्से शोधायला जावं लागत नाही. सकाळी निघताना पिशवीत स्पिरिट, कापूस आणि नावांचं रजिस्टर असायचं. परतताना पिशवी हलकी आणि डोकं जड. एक किस्सा विसरावा, तर दुसऱ्या मोहल्ल्यात तोच नवं लुगडं नेसून समोर उभा!

क्षयाची लस टोचणाऱ्या टोळीत मी बाई म्हणून होते. टोळी म्हणजे काय, तर टोचणारे गणोरकर आणि मी. गणोरकर टोचायचे. मी नावं लिहायची, पोरांचे हात धरायची, आणि बायका परक्या पुरुषासमोर बाही वर करत नसत तिथे आत जाऊन भांडायची. चौथी पास होते म्हणून मला घेतलं. भांडता येतं हे त्यांना मागून कळलं.

काम दोन खेपांचं. पहिल्या दिवशी डाव्या हाताला, मनगटाच्या वर, एक बारीक सुई. ती नुसती परीक्षेची. तीन दिवसांनी परत जायचं. टोचल्या जागी सुजून गाठ आली असेल, तर त्या माणसाला लस नाही. काहीच झालं नसेल, तर लस.

उलटं वाटतं ना? मलाही पहिले सहा महिने उलटंच वाटत होतं, आणि रोज मीच ते लोकांना समजावून सांगत होते.

त्यातून माझी भाची वत्सला. तिची आई, माझी सख्खी बहीण, मागावर कांड्या भरता भरता खोकली आणि दोन वर्षांत गेली. बाप होता, पण पोरगी मीच वाढवली. उमरेडच्या एका मागवाल्याच्या घरी तिचं जमलं, साक्षगंध म्हणजे साखरपुडाही झाला. ते लग्न या टोचणीपायी मोडायला आलं होतं. म्हणून लोक या गोष्टींना हसतात तेव्हा मीही हसते, पण जरा दात दाबून.

*

सुरुवात बेसा गावापासून झाली. बेसा तेव्हा खेडंच. आदल्या दिवशी कोतवालाला निरोप दिला, की बीसीजीची, म्हणजे आमच्या लसीची, दवंडी दे. त्याने दिली. "उद्या सकाळी बीसीजी येऊन राहिले होऽऽ! समद्यांनी लेकराबाळांसकट हजर राहा!"

आमच्याकडे ज्याच्या मागे 'जी' लागतो तो मोठा माणूस असतो. आम्ही पोचलो तर गाव झाडलेलं, वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण, आणि पाटील फेटा बांधून उभे. मला कोणी पाहिलंच नाही. गणोरकरांच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. गणोरकर स्वभावाने इतके भिडस्त, की घातलेला हार त्यांना काढवेना. दिवसभर हार घालून टोचत राहिले.

शेवटी पाटील माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, बीसीजी माणूस चांगले आहेत. पण भाषण दिलं नाही, गावाची अडचण इचारली नाही, नुसते टोचून राहिले. कोण्या पक्षाचे आहेत हे?"

*

कोष्टीपुऱ्यात आमची कीर्ती आमच्याआधी पोचली होती. 'ज्याले सुजलं त्याले सुई नाही' एवढंच लोकांनी पाठ केलं होतं. दुसऱ्या सुईची धास्ती सगळ्यांना. मग लोकांनी आपलं डोकं चालवलं.

तिसऱ्या दिवशी एक दांडगा विणकर आला. हात फडक्यात गुंडाळलेला. फडकं सोडलं तर हात दुधी भोपळ्यासारखा टम्म, वर पाण्याचे फोड. गणोरकर घाबरले. एवढी सूज त्यांनी आजवर कधी मोजली नव्हती. मोजपट्टी लावावी तर पट्टी पुरेना.

मला बिब्ब्याचा वास ओळखू येतो. लहानपणी आईने तळपायाच्या चिखल्यांना लावलेला आहे.

"बिब्बा लावला का गा?" मी विचारलं.

"नाही बाई, मायची शपथ. तुमच्याच सुईनं झालं."

"आमची सुई तर डाव्या हाताले होती."

त्याने दोन्ही हात पुढे धरून पाहिले. मग उजव्या हाताला म्हणाला, "मंग तुले काहून सुजलं बे?"

*

तेव्हा मी ठरवलं, की आधी घरचं माणूस टोचायचं. लोकांना धीर येईल. ओट्यावर सगळ्यांसमोर वत्सलाला बसवून परीक्षेची सुई टोचवली. तिसऱ्या दिवशी पाहिलं, तर टोचल्या जागी बोराएवढी लाल गाठ.

मी किती शहाणी बघा. मला आनंद झाला. पोरीची दुसरी सुई चुकली! गल्लीभर सांगत सुटले.

आमच्या गल्लीतच नवरदेवाची मामी राहायची. भागीरथीबाई. सोयरीक तिनेच जुळवली होती. तिने वत्सलाचा हात उलटापालटा करून पाहिला आणि काही न बोलता घरी गेली. भागीरथीबाई काही न बोलता गेली, म्हणजे कुठेतरी बोलायला गेली.

संध्याकाळी वत्सला भाकरी थापता थापता थांबली. "मावशी, आईले होतं तेच मले हाये का वं?"

"नाही," मी म्हटलं.

मला काय माहीत? पण तव्यावर भाकरी असताना दुसरं काय म्हणणार?

*

दुसऱ्या दिवशी धंतोलीला डॉक्टरीणबाईंकडे गेले. आमच्या कामावर त्याच देखरेख करायच्या. म्हटलं, बाई, मला एकदा खरं सांगा, सुजणं चांगलं की वाईट?

त्या म्हणाल्या, "चांगलंही नाही, वाईटही नाही."

मी म्हटलं, "अशानं माझ्या पोरीचं लग्न मोडतं."

तेव्हा त्यांनी मला बसवून घेतलं आणि नीट सांगितलं. क्षयाचे जंतू अंगात शिरतात. शिरले म्हणजे रोग झाला, असं नाही. पुष्कळांच्या अंगात ते शिरतात आणि गुपचूप पडून राहतात. शरीराने एकदा त्यांना ओळखलं, की परीक्षेच्या सुईला गाठ येते. ज्याच्या शरीराने ओळखलंच नाही, त्याला ओळख करून द्यायला लस.

मला हे पटलं. वाटेत मी त्याला आपल्या बायकांना समजेल असं रूप दिलं. रविवारी आखाड्याच्या ओट्यावर बायका जमवल्या आणि सांगितलं, "चोर घरात शिरला, की कुत्रं भुंकते. गाठ म्हणजे कुत्र्याचं भुंकणं. ज्याच्या घरी भुंकलं, त्याच्याकडे कुत्रं आहे. त्याले लस नको. ज्याच्याकडे कुत्रंच नाही, त्याले आम्ही कुत्रं देतो. ते कुत्रं म्हणजे लस."

बायका माना डोलवत होत्या. मला वाटलं, डॉक्टरीणबाईंनी शिकवावं असं मी शिकवलं. तेवढ्यात भागीरथीबाई उठली.

"म्हंजे बाई, ज्याच्या घरी कुत्रं भुंकलं, त्याच्या घरी चोर शिरला. असंच ना?"

"शिरला होता," मी म्हटलं.

"मंग गेला का थो?"

आता मी काय सांगू? डॉक्टरीणबाई तर म्हणाल्या होत्या, पडून राहतो.

भागीरथीबाईच बायकांकडे वळून म्हणाली, "माळ्यावर बसला असन."

त्याच आठवड्यात उमरेडला बातमी पोचली, की नवरीच्या अंगात चोर हाये. तोंडाने शिकवावं आणि तोंडावर पडावं, ते असं.

*

उमरेडहून निरोप आला. लग्न मोडलं असं कोणी म्हणालं नाही. 'जरा थांबू' म्हणाले. मुलीकडच्यांनी थांबलेलं लग्न पुष्कळ पाहिलेलं असतं. ते थांबलं, की बसतं.

डॉक्टरीणबाईंनी वत्सलाची छाती नळीने तपासली. मोठ्या दवाखान्यात नेऊन छातीचा फोटो काढवला. बोलल्या, "छाती स्वच्छ आहे. खोकला नाही, ताप नाही. आज पोरीला रोग नाही. अंग बारीक व्हायला लागलं की मात्र लगेच आणा." मी ते वाक्य तीनदा म्हणवून घेतलं आणि फोटो वर्तमानपत्रात गुंडाळून भागीरथीबाईच्या हातून उमरेडला पाठवला. म्हटलं, बघा डोळ्यांनी.

आठ दिवसांनी फोटो परत आला. भागीरथीबाई म्हणाली, "त्यांनी उजेडात धरून पाह्यला. घरच्यांनी पाह्यला, शेजाऱ्यांनी पाह्यला."

"मग?"

"सासू म्हणते, हाडं सरळ आहेत. बरगड्या दोन्हीकडं सारख्या आहेत. पण पोरीचा फोटो म्हणून पाठवला, अन् त्याच्यात तोंड काहून नाही? तोंडात काही खोट हाये काय?"

साक्षगंधाच्या दिवशी याच सासूने वत्सलाला डोळे भरून पाहिलेलं!

*

त्यानंतर आमच्या टोळीचं काम उमरेडला निघालं. मी गणोरकरांना सांगितलं, पहिलं घर मी दाखवते.

नवरदेवाच्या घरात गेले तर समोरच तीन माग, खड्ड्यात पाय सोडून माणसं बसलेली. सासू पुढे झाली. मी रजिस्टर उघडलं आणि म्हटलं, "विहीणबाई, आज मी सोयरीक बोलायला नाही आली. सरकारी काम आहे. बाही वर करा." विहीणबाईंनी केली. सासरा, दीर, जाऊ, सगळ्यांना टोचलं. शेवटी नवरदेव नारायण. त्याने मागावरून उठून हात पुढे केला आणि खाली मान घालून विचारलं, "तिची सूज उतरली काय जी?"

अख्ख्या उमरेडात तेवढा एकच शहाणा प्रश्न मला ऐकू आला.

तिसऱ्या दिवशी गेलो. सासऱ्याला गाठ. दिराला गाठ. जावेला गाठ. विहीणबाईंना तर अशी गाठ, की गणोरकरांनी पट्टी दोनदा लावली. मला मनातून गुदगुल्या होत होत्या. मी मोठ्याने लिहीत गेले, "कुत्रं भुंकलं. कुत्रं भुंकलं. इथंही भुंकलं."

विहीणबाईंचा चेहरा उतरला. "बाई, म्हंजे आमच्या घरी समद्यांच्या अंगात..."

"समद्यांच्या. माझ्या पोरीच्या अंगात आहे तेच. अन् तुम्ही इतकी वर्षं माग चालवून राहिल्या, जेवून राहिल्या, भांडून राहिल्या. मेल्या काय?"

त्यांनी बाही खाली ओढली. मी जिंकले असं मला वाटलं, तोच नारायणचा हात आला. स्वच्छ. टोचलं कुठे तेही दिसेना.

गणोरकर म्हणाले, "ह्यांना लस द्यावी लागेल."

विहीणबाई पुढे सरसावल्या. "काहून? समद्या घराले सुजलं, ह्याले काहून नाही?"

"ह्यांच्या शरीराने अजून ओळखलेलं नाही," गणोरकर म्हणाले.

"असं कसं? बापाचं रक्त हाये. पुन्हा टोचून पाहा जी, नीट लागली नसन."

नारायणच्या दंडावर लस टोचली गेली आणि विहीणबाई पदराने डोळे पुसत आत गेल्या. मी त्यांना समजावू शकले असते. पण त्यांनी माझ्या पोरीच्या बरगड्या मोजल्या होत्या. मी रजिस्टर मिटलं.

दोन दिवसांत भागीरथीबाई माझ्या दारात. आवाज एकदम मऊ. "लग्नाची तारीख धरून टाका म्हणतात. अन् पोराच्या हाताचं तुमच्याकडं कोणाले सांगू नका म्हणतात."

मी सांगितलं नाही. पण वत्सलाच्या बापाला कुठून तरी कळलंच. माझे भाऊजी रात्रीचं जेवण सोडून बसले. "सगळ्या घराले सुजलं, पोराले नाही. पोरात काही कमी तर नाही ना?"

"भाऊजी," मी म्हटलं, "तुमच्या डोक्याले सुजलं आहे. जेवा."

*

दीड महिन्याने वऱ्हाड आलं. शेजारच्या शाळेत उतरवलं. नवरदेवाला हळद लावायला आमच्याकडच्या बायका तिकडे गेल्या, मीही गेले. नारायण पाटावर उघड्या अंगाने बसला होता. बायकांनी हळद कालवली, गाणी सुरू झाली. एका बाईने हळदीचा हात त्याच्या डाव्या दंडाकडे नेला आणि "अगं बाई" म्हणून मागे घेतला.

दंडावर लस टोचल्या जागी फोड आला होता. चांगला पिकलेला, वर खपली धरलेला. लसीचा तो यायचाच असतो, महिना-दीड महिन्याने येतो, आपोआप बरा होतो. गाणी थांबली. आमच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. भाऊजींच्या बहिणीने माझ्या कमरेत कोपर मारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात विहीणबाई गर्दीतून पुढे आल्या. त्यांनी पोराचा दंड धरून आमच्या सगळ्या बायकांसमोर उंच केला. साक्षगंधापासून त्यांची मान मी एवढी ताठ पाहिली नव्हती.

"पाहून घ्या समद्या जणी. आमच्या पोराले काही कमी नाही. उशिरा आलं, पण आलं."