मस्तगडची तुळस

तुळशीच्या लग्नासाठी कुंडी घ्यायला गेले, की मी पानं नंतर बघते, आधी बोटानं माती उकरते. ही सवय सत्तरच्या दशकातली, जालन्याची.

मस्तगडला एक माळीण घरासमोर रोपं विकायची. आईनं पानं उलटून पाहिली, खोड हलवून पाहिलं आणि मागच्या रांगेतली सगळ्यात टवटवीत तुळस उचलली. तिच्या मातीत राख होती. चुलीतली असेल, असं आम्हाला वाटलं.

"ती द्यायची न्हाई, बाई," माळीण म्हणाली.

आई हटेना. मग माळणीनं विचारलं, "घरात कोन कोन हाय? रोज पाणी घालताल न्हवं?" आई हसत उत्तरं देत गेली. शेवटी माळणीनं पदरानं एकेक पान पुसून कुंडी दिली.

लग्नाच्या संध्याकाळी आम्ही अंतरपाट धरला, तर दारात नवं लुगडं नेसून माळीण उभी. आम्ही तिला पत्ता सांगितलाच नव्हता. मंगलाष्टकं संपल्यावर तिनं तुळशीवरून हात फिरवले आणि कानशिलावर बोटं मोडली. आईनं तांब्याभर पाणी पुढं केलं.

"नको बाई. लेकीच्या घरचं पाणी घेत न्हाई मी."

ती गेली. वारा नव्हता, तरी मंजिऱ्या हलत होत्या. मी आईला बिलगले. पुढं माझ्या मुलीसाठी स्थळं बघताना माळणीचेच प्रश्न माझ्या तोंडी आले.

त्या संध्याकाळी आई कितीतरी वेळ कुंडीतल्या राखेकडे बघत राहिली. मग तो तांब्या तिनं हळूच तुळशीला घातला.