बार्लीचा कारखाना

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत व्हिस्की गाळतो, हे आईला सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. ठरलं कसलं, त्याने ठरवलं आणि निस्तरत मी बसले. औषधांच्या कंपनीतली चांगली नोकरी सोडून हा शहाणा एका छोट्याशा भट्टीवर कामाला लागला आणि मला फोनवर म्हणाला, "ताई, आईला सांग, बार्लीच्या कारखान्यात आहे. खोटं नाही ना ते?" खोटं नव्हतंच. पण आईला बार्ली म्हणजे उन्हाळी लागल्यावर उकळून द्यायचं पाणी, एवढंच ठाऊक. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत तिने सगळ्यांना सांगून टाकलं की माझा झील आजाऱ्यांच्या पथ्याचं बनवतो. मी कपाळावर हात मारून घेतला.

आमच्या घरात दारूचं नावसुद्धा काढत नाहीत, आणि त्याला कारण आमचे बाबा. गिरणी बंद पडल्यावर प्यायला लागले ते पिऊनच गेले. तेव्हा आम्ही घाटकोपरला टेकडीवरच्या चाळीत राहायचो. संध्याकाळी बाबा दारात आले की आई आडवी उभी राहायची. "तोंड उघडा," म्हणायची आणि वास घ्यायची. रोज. धाकट्याचं नाक तर तिच्याहून तिखट. तो पायऱ्यांवरच बाबांचा वास घेऊन पुढे पळत यायचा आणि माझ्या कानात सांगायचा, "संत्रा." संत्रा म्हणजे देशी, म्हणजे आज भांडी आपटणार. इंग्लिश असली तर ती कुणीतरी पाजलेली. मग बाबा येताना भजी आणायचे. एवढ्याशा पोराला काय काय कळत होतं, देवा!

त्याच नाकावर तो आता पोट भरतो. पिंपं उघडून वास घेतो, आणि कुठलं पिंप तयार झालं, कुठलं अजून झाकून ठेवायचं, ते त्याच्या शब्दावर ठरतं.

यंदा तो म्हाळाला आला. पितृपक्षात आम्ही बाबांच्या नावाने पान वाढून गच्चीवर ठेवतो, वडे, काळ्या वाटाण्यांचं सांबारं, खीर. मेलेल्या माणसाला जे आवडायचं ते पानावर ठेवायची आमच्या कोकणात रीत आहे. पिणाऱ्याला दारूसुद्धा ठेवतात. दरवर्षी काका आईला विनवतात, "वयनी, त्येका थोडी तरी ठेव गे." आणि दरवर्षी आई एकच सांगते, "नको. वर तरी शुद्धीत रवांदेत."

आदल्या संध्याकाळी आई खाली देवळात गेली तशी धाकट्याने बॅगेतून शर्टात गुंडाळलेली बाटली काढली. तोंडावर लाखेचं सील होतं. "ताई, मी स्वतः भरलेल्या पहिल्या पिंपातली आहे. उद्या बाबांच्या पानावर ठेवायची."

"डोकं फिरलंय का रे तुझं?"

पण तो ऐकतोय कुठला! ओट्याला टेकून सांगतच सुटला. तिकडे पिढ्यानपिढ्या मक्याची व्हिस्की. सिंगल माल्ट म्हणजे नुसत्या बार्लीची, एकाच भट्टीत गाळलेली. ती स्कॉटलंडनेच करावी, असं सगळे धरून चालायचे. मग गावोगावच्या छोट्या भट्ट्यांनी आपापल्या रानातली बार्ली घेतली, तिथल्याच लाकडाच्या धुरावर सुकवली आणि स्वतःची चव काढली. लोक आधी हसले. आता तिथल्या सरकारने कायद्यातच तिला स्वतःचं नाव दिलंय, अमेरिकन सिंगल माल्ट. बोलताना त्याचे डोळे असे चमकत होते की मला त्याचा राग येईना. मग आवाज उतरला. पिंपं वर्षानुवर्षं भरून ठेवायची, आणि गिऱ्हाईक आता हात आखडतंय. शेजारच्या दोन भट्ट्यांना टाळं लागलं.

मला धास्ती दुसरीच होती. ती मी बोलून दाखवली. "तू पितोस किती ते सांग."

"पीत नाही गं. तोंडात घोळवायची आणि थुंकायची. आमच्या धंद्यात थुंकतातच."

"शपथ?"

"तुझी."

हायसं वाटलं मला. खरंच वाटलं. बापासारखंच नाक, बापासारखेच खांदे, पण तेवढं एक नाही, म्हटलं, सुटलो आपण.

सकाळी मी वडे तळत होते. त्याने स्टीलच्या वाटीत थोडी ओतली आणि नाकाशी धरली. एवढ्यात आई आंघोळ करून आली. दारातच थांबली. वाटी तिला दिसलीही नव्हती.

"कोणी आणल्यान?"

"आई, मी. मी हीच बनवतो. बार्लीची."

मला वाटलं, आता आई रडणार, नाहीतर भांडं भिरकावणार. ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "तोंड उघड."

चाळिशी उलटलेला माझा भाऊ तिच्यासमोर वाकला आणि त्याने तोंड उघडलं. माझ्या हातातला झारा तसाच राहिला. आईने वास घेतला. डोळे मिटले, परत घेतला.

"कालची असा," ती म्हणाली.

मी बाटलीकडे बघितलं. काल सीलबंद होती, आज अर्ध्याच्या खाली गेलेली. एवढी वाटीत मावत नाही. ज्याच्या नाकावर तिथे पिंपं उघडतात, त्याला स्वतःच्या तोंडाचा वास आला नव्हता.

"झोप लागत नाही गं आई. घोटभरच घेतली."

"ते पण घोटभरच म्हणायचे."

मला इतका संताप आला की त्याला तिथेच बडवावंसं वाटलं. माझी शपथ घेतली होतीस मेल्या! पण आईचा चेहरा बघून मी गॅस बंद केला. तिने पान वाढलं आणि गच्चीवर नेलं. आम्ही दोघं मागोमाग. त्याच्या एका हातात वाटी, दुसऱ्या हातात बाटली. तिनेच आणायला सांगितली होती.

आईने पान कठड्यावर ठेवलं, वाटी मागून घेतली आणि वड्यांच्या शेजारी मांडली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग हात जोडून बाबांशी बोलली, दारात बोलायची त्याच आवाजात.

"घेवा. तुमची तुम्ही घेवा. पण माझ्या झिलाक सोडा."

धाकटा हुंदका देऊन रडायला लागला. आईने त्याला जवळ घेतलं नाही. पदराने स्वतःचे डोळे पुसले आणि हात पुढे केला.

"बाटली पण ठेव. वाटीभरान त्यांचा कधी भागला?"

त्याने बाटली पानाशेजारी कठड्यावर टेकवली. पलीकडच्या टाकीवर कावळे येऊन बसले होते. नेहमी आम्ही कावळ्यांकडे बघतो. त्या दिवशी मी आणि आई, दोघी त्याच्या हाताकडे बघत होतो. बाटलीच्या गळ्यावरून तो हात काढायला त्याला फार वेळ लागला.